पहिला फेरा मालकाचा

देवळीच्या शेठजींनी वडनेरला तिसरी आनंदनगरी काढली, तेव्हा स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त मास्तर गावात फुकट मिळतो. मुद्दे शेठजींनीच सांगितले. लहानपणापासून त्यांना म्हणे हसऱ्या मुलांची स्वप्नं पडत. आम्ही एका वर्गात होतो. स्वप्नं पडत हे खरं, पण ती गणिताच्या तासाला, बाकावर डोकं टेकून.

खरा इतिहास माझ्या काकांच्या अंगणात सुरू होतो. काका सुतारकाम करत. चार पेट्यांचा लाकडी पाळणा त्यांनी स्वतः बनवला होता आणि यात्रेत हातानं फिरवत. शेठजींनी देवळीत दुकानामागं पहिली आनंदनगरी काढली, तेव्हा तिथं एक घसरगुंडी, सिमेंटची दोन हरणं आणि काकांचा पाळणा, एवढंच होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हरणं बघायला कोण येतंय? लोक पाळण्यासाठी येत. पुढं तळेगावला दुसरी शाखा निघाली, विजेवरचे पाळणे आले आणि काकांचा पाळणा शेठजींच्या भजी तळायच्या भट्टीत गेला.

काकांचा एक नियम होता. पाळणा जोडला की पहिला फेरा मालकानं घ्यायचा, मगच लोकांची लेकरं बसवायची. "मोडला त पहिले आपलं हाड मोडलं पाहिजे," म्हणत.

मी इतिहास लिहितोय हे कळल्यावर ऐंशी ओलांडलेले काका म्हणाले, "माह्या पाळण्याची एक ओळ टाकजो बापा. दुसरं काई नाई पाहिजे मले."

मी टाकली. स्मरणिका छापून आली तर ओळ गायब, आणि त्या जागी शेठजींचा गॉगल घातलेला फोटो. मला भयंकर राग आला. तरी उद्घाटनाच्या जेवणाला गेलोच, हे लपवत नाही. काकाही सोबत आले.

फीत कापून झाली. उंचच उंच नवा पाळणा उभा होता. शेठजी लोकांना "बसा, बसा" म्हणत होते, तेवढ्यात काका काठी टेकत पुढं झाले.

"शेठजी, पहिला फेरा मालकाचा. तुमी बसा."

शेठजी हसले. "मले बीपी आहे ना, काकाजी."

"मंग पोराले बसवा."

शेठजींच्या मॅनेजर चिरंजीवांना नेमका तेव्हाच फोन आला. रांगेतल्या बायांनी आपापली लेकरं हळूच मागं ओढली. पाहुणे मंडळी मंडपाचं कापड निरखू लागली.

"काऊन भेऊन राह्यले सारे? मीच बसतो," म्हणत काका एकटेच पाळण्यात चढले. ते वर गेले आणि एक फेरा घेऊन खाली आले. उतरल्यावर त्यांनी पाळण्याचे सांधे हातानं चाचपले आणि म्हणाले, "चांगला जोडला. बसवा आता लेकरं." तेव्हा कुठं रांग हलली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाळण्यात काका, खाली हात जोडून उभे शेठजी. फोटोखाली छापलं होतं: 'पहिल्या फेरीचा आनंद घेताना आनंदनगरीचे संस्थापक.'

सकाळीच शेठजींचा फोन. "मास्तर, दुरुस्ती लिहून द्या."

"इतिहास लिहून झाला माझा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काकांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग पेपर घडी करून उशीखाली ठेवला.

"एकच त मांगतली होती," म्हणाले.