तिच्या नावावर माझं वाचन

सेनगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. माझा आवाज बरा आहे. झेंडावंदन असो की निरोप समारंभ, माईक माझ्याच हातात येतो आणि मला ते आवडतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा घोटाळा या आवडीपायीच वाढला.

नववीच्या वर्गात साखऱ्याहून एसटीने येणारी एक मुलगी होती. धडा एकदा वाचून दाखवला की दुसऱ्या दिवशी ती तो जवळजवळ तोंडपाठ सांगायची, पण पुस्तक हातात दिलं की पहिल्याच ओळीत अडायची. अक्षरं जागा बदलतात, असं म्हणायची. आठवीचं अख्खं वर्ष मी तिला आळशी समजलो. वाचता येत नाही म्हणून उभं केलं, वर्ग हसला, मीही थोडा हसलो. तेव्हा मला आपण कडक आणि चांगले शिक्षक आहोत असं वाटायचं.

मग तालुक्यावरून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिका मॅडमनी तिला तासभर समोर बसवलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "सर, ही मुलगी आळशी नाही. तिला वाचनाचीच अडचण आहे. दवाखान्यात रीतसर तपासून घेतलं तर दहावीला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. नाहीतर सगळं येत असून नापास होईल." तपासायला पाठवायचं तर शाळेचा अहवाल सोबत लागणार होता. त्यासाठी मॅडमनी एका टॅबमध्ये वाचनाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते आधी स्वतः एक ओळ वाचायचं, वाचता वाचता तो तो शब्द पिवळा व्हायचा. मग तीच ओळ मुलीने मोठ्याने वाचायची. जमेल तसे तारे पडायचे आणि पुढची पातळी उघडायची. मी रोज वीस मिनिटं तिच्याशेजारी बसायचं, एवढंच माझं काम.

मी चार दिवस बसलो. ऑनलाइन माहिती भरायची होती, मतदार यादीचं काम होतं, हे खोटं नाही. पण त्या वीस मिनिटांत मी स्टाफरूममध्ये चहा पीत गप्पा मारत होतो, हेही खोटं नाही. एकाच अक्षरावर तीन-तीनदा अडणाऱ्या पोरीशेजारी बसायचा मला कंटाळा यायचा. टॅब प्रयोगशाळेच्या कपाटात गेला. ती दोन-तीनदा विचारायला आली, "सर, आज बसायचं का?" मी म्हणायचो, उद्या बसू.

दिवाळीच्या तोंडावर मॅडमचा निरोप आला, सुट्टीनंतर अहवाल बघायला येते. आमच्याकडे कोणी तपासायला येणार म्हटलं की मागच्या तारखा टाकून वह्या पूर्ण करायची पद्धत आहे. त्यात कोणाला चोरी वाटत नाही. पण हा टॅब मागच्या तारखा घेईना, आणि कोणी मोठ्याने वाचल्याशिवाय काही नोंदवेना. म्हणून मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लोटून मी तिच्या नावावर स्वतःच वाचायला बसलो.

पहिल्या दिवशी मुद्दाम अडखळत वाचलं. म्हटलं, तिचं वाटायला हवं. पाचपैकी दोन तारे पडले. वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला दोन तारे, हे काही माझ्या पचनी पडेना. दुसऱ्या दिवशी नीट वाचलं. तिसऱ्या दिवशी तर झेंडावंदनाला वाचतो तसं, खणखणीत. पाच तारे, नवी पातळी, पुन्हा पाच तारे. आठवडाभरात ती मुलगी कागदोपत्री वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे गेली आणि मी चक्क खूश होतो. आपण तिचं काय करतोय, हे डोक्यातच आलं नाही. वर मनाला बरं वाटावं म्हणून सुट्टीत टॅब तिच्याकडेच दिला, घरी सराव कर म्हणून.

सुट्टीनंतर मॅडम आल्या. टॅबवरचा अहवाल बघून म्हणाल्या, "सर, कमाल केलीत तुम्ही." मी हसलो. मग त्यांनी मुलीला बोलावलं आणि शेवटच्या पातळीवरचा उतारा वाचायला सांगितला. ती पहिल्या शब्दावर अडली. दुसऱ्यावर अडली. मॅडमनी एकदा टॅबकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"येत व्हतं मॅडम," मुलगी म्हणाली. "दिवाळीत विसरून गेले."

मॅडमनी टॅब बंद केला. म्हणाल्या, "महिन्यापूर्वी हे वाचता येत होतं, तर ही मूळची अडचण नाही, नुसता सराव तुटलाय. अशा अहवालावर मी हिला तपासायला पाठवू शकत नाही." मुलगी मान खाली घालून उभी होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि एरवी माईक न सोडणारा मी गप्प बसलो. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला व्हरांड्यात गाठून विचारलं, तू असं काहून म्हणालीस?

"त्यात मागचं वाचलेलं ऐकू येते, सर," ती म्हणाली. "मी घरी समदं ऐकलं. तुमचा आवाज हाय. मॅडमला सांगितलं असतं तर तुमाला बोलल्या असत्या ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिथूनच मी मॅडमना फोन लावला. आणि तरीही तोंडातून काय निघालं, तर टॅबमध्ये काही बिघाड झाला असावा, तो अहवाल धरू नका.

"सर, टॅब मी सोबत नेला होता. आवाज मीही ऐकले काल घरी गेल्यावर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या फोनची वाट बघत होते."

मग मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. पहिल्यापासून सुरू करून देते, म्हणाल्या, पण खरा अहवाल व्हायला आता दोन महिने जातील, आणि त्यापुढे दवाखान्यात नंबर लागायला वर्षभर. सवलतीचा अर्ज मुदतीत पोचला तर पोचला, नाहीतर मुलगी तशीच दहावीला बसेल. आता तरी तिच्याशेजारी बसा.

सोमवारी आम्ही बसलो. पहिली पातळी, चित्राखाली तीन शब्दांची ओळ. टॅबने ती वाचून दाखवली, आवाज टिपायचा लाल दिवा लागला. मी वाट बघत राहिलो. तीही वाट बघत राहिली. मग तिने टॅब हळूच माझ्याकडे सरकवला. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं.

"सर," तिने विचारलं, "तुमी वाचता का मी वाचू?"