न मोडलेला हात

पुंजाजी गेल्याची बातमी मला अकोल्याच्या कापूसबाजारात एका गाडीवानाच्या तोंडून कळली. अमरावतीहून आलेला तो माणूस बैल सोडता सोडता शेजारच्याला सांगत होता, "थो हात मोडलेला पहिलवान होता ना, थो गेला. तापानं गेला म्हन्तेत." मी हातातला कागद तसाच धरून उभा राहिलो. आधी दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, आधी राग आला. ज्यानं वऱ्हाडातल्या कुस्त्यांच्या एकूण एक दंगलीत फेटा बांधून घेतला, त्याची ओळख एवढीच उरावी? हात मोडलेला! मग तो राग माझ्यावरच उलटला, कारण हे नाव त्याला मीच चिकटवलं होतं. पुंजाजीचा हात कधीही मोडला नव्हता. साधा मुरगळलादेखील नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्या धडधाकट हाताला कामट्या लावून पट्टी बांधली ती मी, आणि त्याला सोडायची होती तेव्हा ती सोडू दिली नाही तीही मीच. पुंजाजीला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्याविषयी इकडे तिकडे जे काही लिहून आलं त्यातही हाताचीच हळहळ आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

पुंजाजी मूळचा चांदूरचा. घर माळ्याचं, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि डोक्यावरून बाजारात न्यायचं. काकाकडे म्हणून अमरावतीला आला आणि आमच्या अखाड्यात शिरला. मीही तिथेच होतो. माझी कुस्ती म्हणजे सगळ्यांची करमणूक होती. समोरच्यानं नुसता खांदा लावला की माझी पाठ मातीला. त्यामुळे मी लवकरच लेखणी धरली आणि एका अडत्याकडे मुनीम झालो. पुढे अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचं मोल आलं. पैसा आला की हौस येते. एका शेटजींनी घोडे ठेवले, दुसऱ्यांनी गाणारीण ठेवली, आमच्या शेटजींनी पहिलवान ठेवला. पुंजाजीच्या दूध-बदामाची, मालिशीची आणि जोडी ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. त्याला पोटापाण्याला कुस्ती मिळाली आणि मला मित्राच्या सावलीत मिरवायला मिळालं. दोघेही खूश होतो, निदान मी तरी होतो.

पहिल्यांदा कळलं ते मूर्तिजापूरला. आदल्या दिवशी त्यानं मोठी जोड मारली होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन अख्खं गाव फिरवलं, डफडी फुटायची बाकी राहिली होती. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी हा उठेना. मी जवळ जाऊन बसलो. "काहून बाप्पा, आंग दुखते काय?" नाई म्हणाला. ताप? नाई. "मंग?" तो आढ्याकडे पाहतच म्हणाला, "मले काईच वाटून नाई राह्यलं, नारायना. काल लोकायनं खांद्यावर घेतलं, तवा वाटे का हे दुसऱ्याच कोनाले घेऊन चालले." मी हसलो. म्हटलं, बदाम वाढवू. त्या बाबतीत मी आणि इतर सगळे एकाच माळेचे मणी होतो. दीड हात छातीच्या माणसाला कसलं आलंय दुःख, असंच मला वाटलं.

पण ते जाईना. काही आठवडे बरे जायचे, मग पुन्हा तेच. जेवण समोर येई आणि थंड होऊन परत जाई. त्याला मी भगताकडे नेलं. हरलेल्या गावानं करणी केली म्हणून भगतानं लिंबं उतरवली. दुसऱ्या एका शहाण्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिलवानाचा लंगोट सैल झाला, बायकोला चांदूरला पाठवा. ही कुजबूज त्याच्या बायकोच्या, यमुना वहिनींच्या, कानावर विहिरीवर गेली. त्या दिवसापासून त्या पहाटेच, कुणी यायच्या आत, पाणी आणू लागल्या. नवरा आजारी, आणि गुन्हेगार त्या. शेटजींना तर आम्ही यातलं काही कळूच दिलं नाही.

मग अकोल्याची दंगल आली. मोगलाईतला, निजामाच्या मुलखातला, एक नामांकित पहिलवान येणार होता, मोर्णा नदीच्या पात्रात कुस्तीचा फड आखला होता आणि माणसं दोन दिवस आधीपासून गाड्या सोडून बसली होती. सकाळी पुंजाजी नदीकाठी एका दगडावर बसलेला मला सापडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. "आज नाई होत," एवढंच म्हणाला. शेटजींचा माणूस दोनदा विचारून गेला होता. पळून जावं तर शेटजींची अब्रू जाते, माझी नोकरी जाते आणि पुंजाजीला भेकड म्हणतात. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "हात दे." त्यानं उजवा हात पुढे केला. कशाला, हे विचारलंदेखील नाही. एका मोडक्या टोपलीच्या कामट्या काढल्या, आचाऱ्याकडून हळद आणली, माझ्या उपरण्याची झोळी करून हात त्याच्या गळ्यात अडकवला. चिलीम ओढायला लागतो तेवढाच वेळ लागला.

त्या उपरण्यानं जी जादू केली ती मी जन्मात विसरणार नाही. आम्ही फडात आलो आणि हजारो माणसांतून एकच हळहळ उठली. कुणी शिवी दिली नाही, कुणी शंका घेतली नाही. म्हातारे येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवू लागले. तो मोगलाईतला पहिलवान स्वतः आला, पट्टीला दोन्ही हातांनी शिवून म्हणाला, "अल्ला शिफा दे, पहलवान." शेटजींनी पुंजाजीला स्वतःच्या बैलांच्या दमणीत बसवून परत धाडलं. रोज कुणी तूप पाठवी, कुणी काढा. दोन वर्षं मनासाठी ज्याला कुणी गोड शब्द दिला नव्हता, त्याच्या दारात हातासाठी रांग लागली. मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो.

पट्टी बांधायला सोपी होती, सोडायला नव्हती. दोनेक महिन्यांनी त्याचं मन उजळलं. सकाळी उठू लागला, हसू लागला, काकाच्या वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसू लागला. पण मोट धरायची सोय नव्हती, कारण येणारा जाणारा पाहत होता. आणि पट्टी सोडली तर शेटजी दुसऱ्याच दिवशी जोड ठरवून मोकळे, मग त्या सकाळी पुन्हा तसं झालं तर? "थोडे दिवस थांब," मी म्हणायचो. त्या थोड्या दिवसांचं वर्ष झालं. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्या हातानं मले घागर उचलून देता येत नाई, अन् लोक त्याच हाताच्या पाया पडून राह्यले. घरात दार लावून थे हात मोकळा करतेत, पाच बोटं हालवून पाह्यतेत, अन् कोनाचा पाय वाजला का पुन्हा झोळीत घालतेत." मी तूप कुठून आलं याची चौकशी करून निघून आलो.

नागपंचमीला अखाड्यात कुस्त्या होत्या. शेटजी पुढेच गादीवर बसले होते. पुंजाजी आला, सरळ मातीत उतरला आणि दातांनी गाठ सोडू लागला. कामट्या फेकून त्यानं उजवा हात डोक्यावर नेला, गोल फिरवला. लोकांना वाटलं, बरा झाला! काय तो जल्लोष... तो ओसरेपर्यंत हा उभा राहिला. मग बोलला. इतकं लांब बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. "हात कधीच मोडला नोता. मायं मन बिमार हाये. कधी बरं असते, कधी नाई. बरं असन तवा लढीन, नसन तवा नाई लढनार. येवढं मले करू द्या. दुसरं काई मांगत नाई."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पहिलवानाले मन कवापासून आलं रे?" आणि हशा पिकला. भेला रे भेला! येडा झाला! विकला गेला, पैसे खाल्ले! एकानं मूठभर माती उचलून त्याच्या छातीवर मारली. त्यानं ती झटकलीही नाही. तो माझ्याकडे पाहत होता, कारण त्या गर्दीत खरं जाणणारा मी एकटाच होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मुनीमजी, तुमी सांगा. तुमच्या हातानं पट्टी बांधली होती. खरं काय हाये?" शेटजींची मान माझ्याकडे वळली.

मी म्हणालो, "हाड अजून कच्चं हाये. दुखन्यानं मानसाचं डोस्कं फिरते. त्याच्या बोलन्याकडं ध्यान देऊ नका."

"आसं हाये होय!" लोकांचे चेहरे एकदम सैल झाले. जणू त्यांना प्रेमच करायचं होतं आणि मी ते करायला पुन्हा जागा करून दिली होती. ज्यानं माती मारली होती तोच पळत येऊन कामट्या गोळा करू लागला. मी भर अखाड्यात पुंजाजीचा हात धरला आणि पट्टी बांधायला लागलो. तो मला एका हातानं उचलून नाल्यापार फेकू शकला असता. त्यानं काही केलं नाही. मी गाठ मारत असताना हळूच म्हणाला, "पक्की बांध."

पुढे ती लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, शेटजींची गादी उठली आणि पहिलवान पोसायची हौसही गेली. मी अकोल्याला नोकरी धरली. यंदा उन्हाळ्यात त्याला भेटायला गेलो तर तो अखाड्याजवळच्या कडुलिंबाखाली बसला होता, हात गळ्यात. लांबून आगगाडीच्या रुळांवर घण पडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आता कोन जोड लावनार हाये तुयी? आता तरी सोड." तो हसला. मनापासून हसला, आणि म्हणून मला जास्त लागलं. "हात मोडलेल्याले लोक रामराम करतेत, नारायना. येड्याले कोन करन?" मग त्यानं माझ्या घरची, बाजाराची विचारपूस केली. मी माफी मागणार होतो. घरून ठरवून निघालो होतो. पण त्यानं विचारपूस संपवली तशी मी पायताण घातलं आणि निघालो... ती आमची शेवटची भेट.

बातमी कळल्यावर तीन दिवसांनी मी अमरावतीला पोचलो. वहिनी म्हणाल्या, शेवटची आंघोळ घालताना त्या पट्टी काढायला गेल्या तेव्हा जमलेल्यांनी अडवलं. राहू द्या, पहिलवानाचा हात दुखेल, असं कुणीसं म्हणालं. तो तसाच गेला. परवा पुन्हा गेलो तेव्हा त्या लिंबाच्या फांदीवर चिंध्या दिसल्या, वीसेक असतील. ज्यांचे हातपाय मोडले ते येऊन बांधतात म्हणे, पहिलवान हाडं जोडून देतो. मी खाली बसून राहिलो. दोघं-तिघं आली, बांधून गेली. मी तोंड उघडलं नाही. सवय जुनी होती.

मग तिवश्याकडचं एक जोडपं आलं. नवरा चांगला उंच, कुणबाऊ, पण बायकोनं मनगट धरून आणल्यासारखा चालत होता. तिनं मला विचारलं, "दादा, इथं हाताचंच चालते का? यायच्या हाताले काई नाई. सकायी उठतच नाईत. चार महिने झाले, वावरात डवरा तसाच पडून हाये." मी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "बाई, त्याचा बी हात मोडला नोता. त्याचं बी हेच होतं."

बाईनं काढलेली चिंधी मुठीत मिटली. "मंग काहून बांधू? ज्याचं सोताचंच बरं झालं नाई..." ती नवऱ्याला ओढू लागली. तो हलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मंग त्यानं काय केलं?"

"त्यानं सगळ्यायसमोर खरं सांगतलं," मी म्हणालो, "अन् मी त्याले खोटं पाडलं."

तो माणूस खाली बसला. म्हणाला, "मीनं बी सांगतलं होतं घरी."

बाई त्याच्याजवळ बसली आणि मी तिथे आहे हे विसरून तिनं विचारलं, "कवा सांगतलं तुमी मले?"

"पेरनीच्या वक्ती," तो म्हणाला. "तू हासली होती."