चपलांतली संत्री

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या वेशीवरचं आमचं गाव जर्मन लोकांनी वसवलेलं. रस्त्यांची नावं जर्मन, बेकरीची पाटी जर्मन, पण जर्मन बोलणारं माणूस काही मला सापडेना. मला नसत्या चौकशा फार. नवरा म्हणतो, "यार, तू इथे राहायला आलीस की खानेसुमारी करायला?" मी तिकडे लक्ष देत नाही.

सगळ्यात कुतूहल होतं समोरच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं. ऑगस्टमध्ये आम्ही आलो तेव्हापासून येता-जाता त्या आमच्या दाराबाहेर काढलेल्या चपला-बुटांकडे बघायच्या आणि गालात हसायच्या. मला रागच यायचा. आपल्याला गावंढळ समजत असणार, असं मी मनात धरून बसले होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला दार उघडलं, तर तिच्या बुटांत संत्री, नवऱ्याच्या बुटांत अक्रोड, माझ्या सपातांत चॉकलेटं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. त्यांच्या कोल्हापुरीवरही एक संत्रं नीट मधोमध ठेवलेलं. सासूबाई नागपूरच्या, त्यातून सोवळ्याच्या.

"अन्न चपलेत? कोणाचा हा चावटपणा? फेकून दे आधी!"

मीही घाईत होते. सगळं गोळा करून कचऱ्यात टाकलं.

दुपारी मुलगी शाळेतून आली आणि पाठोपाठ समोरच्या बाई. ओठांना लिपस्टिक लावून आल्या होत्या.

"खाऊ आवडला का हिला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मग खुर्चीत बसून सांगायला लागल्या. त्यांच्या लहानपणी संत निकोलसच्या सणाच्या, म्हणजे सहा डिसेंबरच्या, आदल्या संध्याकाळी या गल्लीतली पोरं बूट दाराबाहेर ठेवायची. सकाळी त्यांत खाऊ मिळायचा. "आता कुणीच ठेवत नाही. माझी मुलंही लांब गेली. तुमचे बूट मात्र ऑगस्टपासून बाहेर! मी डिसेंबरची वाट बघत होते."

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आजी सेड इट्स डर्टी, सो मम्मा थ्र्यू इट अवे."

बाईंचा चेहरा पडला. त्या पर्स उचलून उठायला लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चार महिने ज्या हसण्यावर मी चडफडत होते, ते हे होतं.

"बट आय सेव्ह्ड वन," म्हणत मुलीनं जॅकेटच्या खिशातून एक संत्रं काढलं.

"काय म्हणते आहे ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी संत्रं घेऊन नळाखाली तीनदा धुतलं, सोललं, पहिली फोड बाईंच्या हातावर ठेवली आणि दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.

"आमच्या नागपूरची सर नाही," त्या मला म्हणाल्या. "पण तू तिला सांग, फार गोड आहे."