सायलीच्या पाठीवरचा चौकोन

माझ्या व्याह्यांच्या मांजरीच्या पाठीवरचे केस मी एकदा कात्रीने कापले. तेही मुंबईतलं मांजरांचं प्रदर्शन दोन महिन्यांवर आलेलं असताना, आणि वर "काय सफाई आहे हाताला!" म्हणून स्वतःवरच खूश झाले. तेव्हा मी पासष्ट वर्षांची होते. त्या वयात उत्साह फार असतो आणि पोच कमी. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या अल्लड बाईची मला कीव येते. पण तिने काय करून ठेवलं हे कळायचं तर आधी व्याही कळायला हवेत, आणि ते काम सोपं नाही. कारण पनवेलच्या उकाड्यावर मनापासून प्रेम करणारा उभ्या महाराष्ट्रातला हा एकमेव माणूस.

मे महिन्यात आम्ही पदराने, वर्तमानपत्राने, हाताला लागेल त्याने वारा घेत असतो, आणि हे सुकापूरच्या आपल्या गॅलरीत घामाने निथळत प्रसन्न बसलेले. "पानसुद्धा हलत नाहीये विहीणबाई, वा! सायलीला ही हवा फार मानवते." सायली म्हणजे त्यांची सयामी मांजर. अंग सायीसारखं, डोळे निळे, आणि तोंड, कान, पंजे, शेपूट मात्र काळपट तपकिरी, जशी काही आत्ताच चुलीत डोकावून आली. त्या रंगामागची हकिकत व्याह्यांनी मला साखरपुड्यालाच ऐकवली होती, मुलाच्या नोकरीबद्दल बोलायच्या आधी. "ही पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. मग अंगाचा जो भाग थंड पडतो तो गडद होत जातो. कान थंड, शेपूट थंड, म्हणून काळी. पाठ-पोट गरम, म्हणून गोरं." मी गंभीरपणे मान डोलावली आणि घरी येऊन ह्यांना म्हटलं, "माणसं चांगली आहेत. पण पोरीला एसी मिळायचा नाही."

तो मिळाला, पण फक्त झोपायच्या खोलीत, आणि दाराखालच्या फटीला गोधडी लावून. गारवा हॉलमध्ये आला तर सायलीचं अंग काळवंडेल ना! माथेरानला जायचा बेत याच कारणाने दरवर्षी रद्द व्हायचा. एकदा जावई चिडून म्हणाला, "बाबा, मांजर इथेच ठेवून जाऊ." त्यावर व्याह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने बापालाच जिन्याखाली ठेवून जायची भाषा केली होती.

त्यांच्या लेखी जगात रंग चारच. सील, चॉकलेट, ब्लू आणि लायलॅक, म्हणजे फिकट करडा. सायली सील, म्हणजे सगळ्यांत गडद. बाकी सगळी सृष्टी या चारांत बसवायची. माझ्या नणंदेने केस रंगवले तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाले, "चॉकलेट साधायला गेलात, पण मुळाशी लायलॅक डोकावतोय." ती बिचारी स्तुती समजून लाजली. पट्टे आणि ठिपके यांवर तर त्यांचा दात. सयामीच्या तोंडावर पट्टे आलेली टॅबी नावाची जात हल्ली प्रदर्शनात मानतात म्हणे, पण हे मानत नाहीत. जावई नवा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून आला, तर यांनी माझ्या लेकीला हाक मारली, "सूनबाई, घरात टॅबी शिरलाय, हाकल बघू."

आणि त्यांचा तो ब्लू! सायलीला एकदा पिल्लं झाली, त्यातलं एक ब्लू निघालं. ते न्यायला रोडपालीहून एक गृहस्थ आपल्या नातीला घेऊन आले. पोरीने आजोबांकडे निळ्या मांजरीचा हट्ट धरला होता. पिल्लू बघून आजोबा म्हणाले, "नाय वो, ही तर राखाडी हाय."

"याला ब्लूच म्हणतात," व्याही म्हणाले.

"तुमी म्हणा. मना दिसतंय ना. चुलीतली राख हाय ती."

व्याह्यांनी त्यांना गॅलरीत नेलं, उजेडात नेलं, पांढऱ्या चादरीवर पिल्लू ठेवून दाखवलं. आजोबा बधेनात. तोवर नात पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून जिना उतरली सुद्धा. जाताना आजोबा बजावून गेले, "आमी हिला राखीच म्हणनार!" पुढे आठवडाभर व्याह्यांना जेवण गेलं नाही.

तर असा हा माणूस. त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, आणि त्यानंतर सायलीला प्रदर्शनात उभं करणं एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली होती. पाठीचा रंग एकसारखा हवा, कुठे छटा नको, डाग नको. सगळं जुळून आलं आणि नेमका गुडघा गेला. ऑपरेशनसाठी थोरल्या मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं, दोन-अडीच महिने. परत आले की लगेच प्रदर्शन. लेक-जावई एसी चालू करणार ही खात्री असल्यामुळे सायलीची रवानगी झाली माझ्याकडे, न्यू पनवेलला. आमच्याकडे नुसता पंखा. "तुमच्या घरचा उकाडा मी स्वतः अनुभवलाय," ते भरल्या गळ्याने म्हणाले. मला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मी फणस फोडला, आणि सायली येऊन चिकाच्या कागदावर पाठ घासत लोळली. खोबरेल तेल लावलं की चीक सुटतो हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक आहे. पण या साठी उलटलेल्या शहाणीला वाटलं, सायीच्या रंगावर तेलाचा डाग पडला तर? म्हणून घेतली कात्री आणि चिकटलेले केस चांगले बुडापासून काढले, कडा सरळ करून. आणि उघड्या पाठीला घाम येऊ नये म्हणून तिला पंख्याखाली निजवू लागले. रोज दुपारी. मायेने.

नवे केस आले ते तपकिरी. गोऱ्यापान पाठीवर बिस्किटाएवढा गडद चौकोन, मापात कापल्यासारखा. साखरपुड्याला ऐकलेलं सगळं तेव्हा मला आठवलं, शब्दन् शब्द.

व्याह्यांचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "विहीणबाई, जरा पाठ दाखवा."

"आत्ताच झोपलीय हो, पाठीवर."

"मांजर पाठीवर?"

"उकडतंय ना!"

हे ऐकून ते खूश. मी लेकीला बोलावून घेतलं. टाल्कम पावडर लावून पाहिली, तर सायली शिंकून शिंकून कपाटावर चढली आणि चौकोन जिथल्या तिथे. लेक म्हणाली, "आई, खरं सांगून टाक." मी म्हटलं, "त्यांचा गुडघा बरा होऊ दे, मग मोडते त्यांचं मन." हसून बोलले खरी, पण रात्रीची भाजी करपली ती काही पावडरीमुळे नाही.

ते परतले त्या दिवशी सायलीला घेऊन मी सुकापूरला गेले. काठी टेकत ते सोफ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि पहिला हात फिरवताच थांबले. लेक उगाचच स्वयंपाकघरात गेली. जावयाने पंख्याचं बटण धरून विचारलं, "बाबा, वाढवू का?" मी सगळं सांगून टाकलं: फणस, चीक, कात्री, पंखा, पावडर. ते केस उलटे फिरवून मुळापर्यंत पाहत होते.

"पुढच्या वेळी गळतील हे केस. पुन्हा गोरे येतील," ते म्हणाले. "पण प्रदर्शन गेलं."

"हो."

"एक फोन करून विचारायचं नाही का?"

मला रडू येत होतं, पण तोंडाचं वळण जाईल कुठे! मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं माणूस रडतोय, पण हसत होते. डोळे पुसत त्या चौकोनावरून अंगठा फिरवत म्हणाले:

"आमची ही अगदी हेच म्हणायची हो. ती गेल्यापासून या घरात पंखासुद्धा कुणी मला विचारल्याशिवाय लावत नाही. तुम्ही न विचारता कात्री चालवलीत, विहीणबाई... बसा, चहा घेऊन जा."