पिरान्हांचा उपास

माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांची पोरं वजनकाट्यावर ठेवण्यात गेलं. कळंबजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. एखादं पोर महिनाभरात वाढलं नाही की मी त्याच्या आईला दारातच झापते. "चहात बुडवून बिस्किट चारतीस अन् वर म्हणतीस, पोर अंग धरत न्हाय! अंडं घाल, डाळ घाल." बाया मला टरकून असतात. हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगायचंय ते माझ्यासारखीच्या हातून व्हावं याची मलाच किळस येते.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा मुलगा. चार वर्षं तो पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. एकेक परीक्षा हुकत गेली आणि एक दिवस त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला, काकू, याला घेऊन जा. आणला. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, याला एकटं ठेवू नका. तेव्हापासून मला धड झोप म्हणून नाही. तो दिवसभर पडून असायचा. ताट पुढं केलं तर दोन घास खायचा आणि सरकवून द्यायचा.

मग मासे आले. मावसभावाबरोबर तो सोलापूरला गेला होता, येताना पाण्यानं भरलेल्या पिशवीत नाण्याएवढे सहा मासे घेऊन आला. पिरान्हा आहेत म्हणाला. शेजारची भाभी बघायला आली आणि हसली, "ये तो बाजार का रूपचंद है ना!" मुलानं चिमट्यात कोलंबी धरून काचेच्या टाकीत सोडली. कचकन तुकडा तुटला तशी भाभी दोन पावलं मागं सरकली. मुलगाही हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याचे दात बघितले.

पहिले काही आठवडे मी माझी अक्कल चालवली. कोंबडीची कातडी, चरबी, जे काही निघेल ते टाकीत टाकायची. मासे गरगरीत झाले, पण लांबी होती तिथंच. एक दिवस तो माझ्यावर ओरडला, "आई, चरबीनं नुस्तं पोट सुटतंय! अंग वाढत न्हाय. तुझ्या त्या बिस्किटावरच्या पोरांवानी झालेत." मी मोरीत जाऊन रडले. दुःखानं नव्हे, तो ओरडला म्हणून! ओरडायला माणसात जीव लागतो.

त्यानंतर खाण्याचा कारभार त्यानं हातात घेतला. मांजरा धरणातली बारीक मासळी, कोलंबी सालासकट, आठवड्यातून एकदा सोललेला वाटाणा. कोलंबीच्या सालानं गळ्याखालचा तांबडा रंग खुलतो म्हणायचा, आणि खरंच खुलला. काचेवर बाहेरून मोजायचा टेप चिकटवला होता. दर शनिवारी मासा टेपसमोर आला की हा श्वास रोखून आकडा बघायचा आणि मला हाक मारायचा, "आई, पाव इंच!" त्या दिवशी तो एक भाकरी जास्त खायचा. मी मनात त्याचाही आकडा मांडायची.

एक गोष्ट त्यानं मला दहादा बजावली होती. हे अजून लहान आहेत, यांना रोज लागतं, एक दिवसाचाही खाडा नको. पोटात नसलं की शेजाऱ्याची शेपटी धरतात.

ज्याच्याकडून मासे घेतले होते, त्या सोलापूरच्या दुकानदारानं त्याला दहा दिवस काम शिकायला बोलावलं. जमलं तर पुढं कायमचं ठेवतो म्हणाला. कळंबात स्वतःचं दुकान टाकायचं, इथवर मुलाचे बेत गेले. पुण्याहून आल्यापासून 'पुढच्या वर्षी' हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. कोणत्या दिवशी काय द्यायचं ते कागदावर लिहून त्यानं फ्रिजवर लावलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं घट बसायचे होते.

घट बसायच्या आधी घर धुवून निघतं, अंथरुणं नदीवर जातात, आणि दसऱ्यापर्यंत मांसमच्छी उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूनं घालून दिलेला हा नेम मी एकदाही मोडला नव्हता. त्या वर्षी तर मोडायचा प्रश्नच नव्हता. मुलगा अंथरुणातून उठला तर नऊ दिवस कडक उपास करीन, घरात काही चुकीचं शिवू देणार नाही, असं मी तुळजापूरच्या देवीला बोलले होते. आणि तो उठला होता. मी कोलंबीची पिशवी फ्रिजमधून काढून भाभीला देऊन टाकली. ती म्हणाली, "मैं आके डालती ना. तुम हात नक्को लगाओ."

"नको," म्हणाले मी, "घट बसायचेत."

आणि मी त्या माशांना काय घातलं? माझ्या ताटातलं. भिजवलेला साबुदाणा आणि उकडलेलं रताळं. मी उपाशी राहते तर यांना नऊ दिवस काय होतंय, असं माझं गणित. रूपचंद असते तर खाल्लंही असतं, त्यांना पालाही चालतो. यांनी हुंगून सोडून दिलं. पाणी पेजेसारखं पांढरं झालं.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "खाल्लं का त्यांनी?"

"खाल्लं की."

चौथ्या माळेला एकाची शेपटी अर्धी दिसली. पाचव्या माळेला पाचच मासे होते. त्या संध्याकाळी मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण फोन उचलला तर त्याच्या मागं कुणीतरी हसत होतं आणि तो सांगत होता, "आई, आज मी एकट्यानं टाकी लावली. मालक म्हणले, हात लई चांगलाय तुझा." कोणती आई सांगेल? मी म्हणाले, मासे झ्याक आहेत. अजूनही भिंतीपलीकडं भाभीला हाक मारता आली असती. मारली नाही. बोललेलं मोडलं आणि त्याला तिकडं काही झालं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. घटासमोर बसून मी त्याच्यासाठी जप करत होते आणि पाठीमागं पाण्यात खळबळ ऐकू येत होती.

नवव्या माळेला एकच मासा उरला. मी पाणी बदललं, तळाचा साबुदाणा काढून परसात पुरला.

दसऱ्याला तो आला. पाठीवरची पिशवी न उतरवता टाकीसमोर उभा राहिला. मी पाठ करून ठेवलेलं बोलले, "सगळं कागदावर लिहिल्यासारखं दिलं रे, काय झालं कळलंच न्हाय." त्यानं फ्रिज उघडून पाहिला. कोलंबी संपलेली. म्हणजे दिली असणार. तो मासा टेपसमोर आला तसा त्यानं सवयीनं आकडा वाचला.

"हा वाढलाय," म्हणाला. कधीच वाढला नव्हता इतका वाढला होता.

मग तो खाली बसला. "टाकीच लहान होती, आई. दाटी झाली की बी एकमेकांना खातात. मोठी घ्यायला पायजे होती, मी चालढकल केली. सहा जीव जगवता आले न्हाईत मला, दुकान कसलं घालतो." सोलापूरला फोन करून त्यानं येत नाही म्हणून कळवलं. मी शेजारीच उभी होते.

तीन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या खाटेवर बसले आणि सगळं ओकले. नवस, साबुदाणा, रताळं, भाभीला दिलेली पिशवी, फोनवरची थाप. मार मला, म्हणाले, शिव्या घाल, पण ऊठ. मी मारले ते, तू नाही.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. मला बरं वाटावं म्हणून कायबी सांगू नको."

"खरं सांगतीय रे! भाभीला इचार जा."

"तिलाबी पढवून ठेवलं असशील."

खोटं तरी मी त्याच्यासाठी किती बोलले होते! पुण्याहून आल्यापासून रोजच. डॉक्टर म्हणाले तू बरा होतोयस, पाहुणे तुझी चौकशी करतात, सगळं ठीक होईल. आता खऱ्याला कुणी विचारत नव्हतं. मी देव्हाऱ्यासमोर गेले, दिव्यावर हात धरला आणि म्हणाले, "भवानीची शपथ, मीच उपाशी मारले."

तो धडपडत उठला. तीन दिवसांत पहिल्यांदा उठला. माझा हात दिव्यावरून ओढून काढला आणि म्हणाला, "माझ्यापायी देवीची खोटी शपथ घेऊ नको, आई. तेवढं तरी पाप माझ्या माथी नको."