सारजाबाईचा गोड कारभार

सारजाबाई भांडायला उभी राहिली की शिरूर कासारातली कुत्रीसुद्धा बोळ बदलायची. पण घरात तिचं काही चालायचं नाही. तिथं राज्य होतं सात वर्षांच्या नातीचं, शिवकन्येचं.

दिवाळी झाली की लेक उत्तरेश्वर आणि सून केशर ऊसतोडीला जायचे. आधी पोरगीही फडावर असायची. औंदा शाळेसाठी केशरनं तिला मागं ठेवलं आणि ट्रकमधून वाकून बजावलं, "आत्या, पोरीला काय झालं तर फुडल्या साली संगं नेईन. शाळा गेली खड्ड्यात."

"ने की! मी काय राक्षस हाय व्हय?" सारजाबाई फणकारली. पण मनात आलं, पोर गेली तर बोलायचं कुणाशी, चुलीशी?

पहिल्याच संध्याकाळी पोरगी आईच्या नावानं रडली. सारजाबाईनं इसाकच्या दुकानातून पेपरमिटाची गोळी आणून तोंडात घातली. रडणं बंद! उपाय इतका नामी, की दोघींनाही पटला. त्या वर्षी इसाककडं शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या आणि शेजारी रंगीत चॉकलेटांच्या बरण्या. मग काय, शिवकन्येला आईची आठवण नेमकी दुकानापाशी यायची. झोपताना तर हमखास. सारजाबाईला सोंग कळायचं. पण एखादं रडणं खरं असलं तर? त्या धास्तीनं ती प्रत्येक रडण्याला गोळी द्यायची. शेजारणीही "आईविना लेकरू" म्हणत हातावर साखर ठेवायच्या आणि कामाला निघून जायच्या.

दात काळे पडले. "दुधाचे हायत, पडतील," सारजाबाई म्हणाली. मग एक दाढ ठणकली. घरात औषध एकच, सारजाबाईची मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती पूड तिनं दाढेवर दाबली. पोरगी गरगरली आणि अंथरुणावरच ओकली.

शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आजीला बोलावून घेतलं आणि पोरीच्या तोंडात बॅटरी मारली. "आजी, ही दाढ दुधाची नाही. गेली की गेली. गोड बंद, रात्रीचं तर नावच नको. मिश्रीही नको. आणि ही हसताना तोंडावर हात का धरते?"

सारजाबाईला वाटत होतं, पोर लाजाळू झाली. वर्गातली पोरं नातीला 'काळतोंडी' म्हणतात, हे तिला तेव्हा कळलं.

घरी येऊन तिनं फर्मान काढलं, "आजपासून गोळी बंद."

"मग तू बी मिश्री सोड."

"मी म्हातारी हाय."

"मग मी बारकी हाय!"

तह झाला. टिकला मात्र नाही. सारजाबाई गुपचूप गोठ्यामागं मिश्री लावायला गेली, तर तिथं शिवकन्या गाल फुगवून बसलेली.

"गोळी कुणी दिली गं भवाने?"

"इसाकचाच्यानं. तुला तंबाखू?"

सारजाबाई तडक दुकानात. "पोरीला गोळी कावून दिली रे?"

"रडत होती, मावशी."

"अन् मला तंबाखू?"

"तुमी शिव्या देत होता!"

त्यानंतर मात्र इसाकनं दोघींनाही हात जोडले. आता पोर रडली की सारजाबाईच्या हातात काहीच नसायचं. मग ती केशरच्याच गोष्टी काढायची. नव्या नवरीनं भाकरी कशी करपवली, सासूवरचा राग रांजणावर कसा काढला. पोरगी रडता रडता हसायची आणि कुशीत झोपायची. मिश्री सुटली नाही, पण शेजारणींकडून मागून आणावी लागल्यानं निम्म्यावर आली.

उन्हाळ्यात पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम सरला. केशर परतली. पोरीला कवटाळून तिनं बोचक्यातला गुऱ्हाळावरचा गूळ काढला, खडा भरवला आणि म्हणाली, "हस बघू."

शिवकन्या हसली. केशरचा चेहरा उतरला. "आत्या! काय केलं हे पोरीच्या तोंडाचं? आता संगंच नेते."

भांडणात कधी न हरलेली सारजाबाई खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं. तिचं रडणं बघवत न्हाई, म्हणून गोड देत गेले." मग हळूच, "पर केशर, तुजा हात कुठं हाय?"

केशरचा हात गुळाच्या दुसऱ्या खड्यासकट पोरीच्या ओठांशी होता. उत्तरेश्वर फिस्सकन हसला. दोघींनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पाणी आणायला गेला.

केशर उंबऱ्यावर बसली. "मग येताना आणू तरी काय, आत्या? दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"काय नगं. बस तिच्यापाशी."

"आई, मी शाळा सोडणार न्हाई," शिवकन्या म्हणाली.

केशरनं हातातला खडा परत बोचक्यात टाकला. "ऱ्हा बाई हितंच. पर रोज झोपायच्या आधी आजीकडून दात घासून घ्यायचे." मग ती गुळाची ढेप घेऊन उठली. "आता हे ठिवू कुठं?"

"माझा हात पुरणार न्हाई तिथं," सारजाबाई म्हणाली.