कूलरमधलं पवित्र पाणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कूलरमध्ये पवित्र पाणी भरलं गेलं, आणि त्यात कूलरची काही चूक नव्हती.

आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही. म्हणून माझा नियम ठरलेला: निळ्या कॅनमध्ये प्यायचं पाणी, पांढऱ्यात कूलरचं. नियम मोडणाऱ्याला चहा नाही! (नवऱ्याने एकदा मोडून पाहिला. पुन्हा हिंमत केली नाही.)

ईस्टरनंतर फादर आमच्या कॉलनीत घरोघरी आशीर्वाद द्यायला येणार होते. चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमाचं नियोजन मीच करते, त्यामुळे चर्चमधून पवित्र पाणी आणून ठेवायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यात माझाही मतलब होता. सासूबाई गेल्यापासून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, प्रार्थना सोडली होती. आम्ही रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसलो की ते कूलरजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. फादर येतील, पाणी शिंपडतील, बाबा वळतील, स्वयंपाकाच्या आत सगळं आटोपेल, अशी माझी योजना होती.

फक्त त्या दिवशी रिकामी कॅन एकच होती. पांढरी.

दुपारी डुलकी काढून उठते तर कॅन कोरडी आणि कूलर जोरात!

"अहो, यातलं पाणी?"

"कूलरले टाकलं," नवरा म्हणाला.

"ते ईस्टरचं होतं!"

"मले काय मालूम! पांढरी कॅन कूलरची, हे तूच शिकवलं न? एक दिवस ऐकलं तुह्यं, त तेही चुकलं!"

मी बादली घेऊन टाकी उपसायला धावले. तेवढ्यात शेजारच्या शांताबाई भाजी विकून आल्या आणि रोजच्यासारख्या कूलरसमोर फतकल मारून बसल्या.

"आज काहून एवढी गार हवा लागून राहिली वो ताई?"

मी कारण सांगितलं. त्या ताडकन उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि चक्क कूलरला हात जोडले! मग बाबांच्या खाटेकडे वळल्या.

"बाबाजी, माही पोरगी अमरावतीले बाळंतपणाले भरती हाय. सकाळपासून अडून राहिली. मले तुमची प्रार्थना येत नाही. तुमी म्हना न."

मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, बाबा नाही म्हणत. संध्याकाळी फादर येतील, त्यांना..."

"फादर कोठी माह्या वळखीचे? बाबाजी हायेत न!"

खाट करकरली. बाबा उठून बसले. कूलरचे तुषार त्यांच्या तोंडावर उडत होते; त्यांनी ते पुसले नाहीत. क्रुसाची खूण केली.

"नाव काय पोरीचं?"

"सुनीता."

आणि बाबा रोझरी म्हणू लागले. आवाज घोगरा, पण शब्द एकही चुकला नाही. सासूबाई जिथे श्वास घ्यायच्या, तिथेच तेही थांबत होते. आजवर चर्चमधली रविवारची एक मिस्सा चुकवली नाही मी, पण देव असा खोलीत येऊन बसल्यासारखा कधी वाटला नव्हता. नवऱ्याने हळूच गुडघे टेकले. मी बादलीसकट टेकले.

आता मीही काहीतरी मागायला हवं होतं. मागितलं. "देवा, एवढी रोझरी होईपर्यंत लाईट जाऊ देऊ नको!"

लाईट गेली.

कूलर थांबला, घामाच्या धारा लागल्या. बाबा थांबले नाहीत. रोझरी संपता संपता शांताबाईंचा फोन वाजला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप!

थोडक्यात, त्या दुपारी आमच्या खोलीत दोन प्रार्थना झाल्या. भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या म्हाताऱ्याची मंजूर झाली. नामंजूर झाली ती चर्चच्या प्रत्येक कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्या बाईची!